एका दुपारची दुरुस्ती

माझ्या बायकोला एक जुळी बहीण आहे, हे मला लग्नानंतर बेचाळीस वर्षांनी कळलं, आणि तेही एका यंत्राकडून.

लगेच हसू नका. औदुंबरच्या घाटावरची मगर एसटीत चढली आणि कंडक्टरनं तिला अर्धं तिकीट फाडलं, ही गोष्ट माझीच. आमच्या हायस्कुलातला हाडांचा सांगाडा इन्स्पेक्शनच्या दिवशी आपणहून ताठ उभा राहायचा, तीही माझीच. एकतीस वर्षं मिरजेच्या त्या शाळेत प्रयोगशाळा परिचर होतो. परीक्षानळ्या धुता धुता माणसानं दुसरं करायचं काय? पण ही गोष्ट मला रंगवता येत नाही. दोन-तीनदा प्रयत्न करून बघितला. रंग धरत नाही.

आमच्याकडे लग्नात मुलीचं नाव बदलायची रीत होती. ताटात तांदूळ पसरायचे आणि नवऱ्यानं अंगठीनं त्यात नवं नाव लिहायचं. हुपरीच्या पोतदारांची वैजयंता त्या ताटात गेली आणि मंजिरी तारळेकर होऊन बाहेर आली. नाव मी निवडलेलं. तिला विचारलं नव्हतं. तेव्हा कोण विचारत होतं? हुपरीला मात्र ती वैजूच राहिली. माहेरच्या स्टँडवर उतरली की तिची चालसुद्धा बदलायची.

मंजिरीच्या आईकडच्या बायका साठीनंतर विसरतात. तिची आई विसरली, दोन मावश्या विसरल्या. गेल्या वर्षी, म्हणजे २०४४ साली, मंजिरीनं एकाच साडीला तीनदा फॉल लावला, आणि आम्ही दोघांनीही ते बघून न बघितल्यासारखं केलं. चाळीस वर्षं खिडकीशी बसून फॉल-पिको करणारी बाई ती. मशीन डोळे मिटून चालवायची. एक दिवस मला म्हणाली, "अहो, ह्या चाकाला पुढं ढकलतात की मागं?"

मग मी तिला मिरजेबाहेर माळावर जे विस्मृती संशोधन केंद्र झालंय, तिथं नेलं.

रक्त घेतलं. नंतर एक मुलगी टॅबलेट घेऊन घरी आली, "आजींची जीवनकथा" भरायला. मंजिरी दमून आत पडली होती, म्हणून उत्तरं मी दिली. बालपण, शाळा, झोप, काम, छंद. प्रश्न आला, "अपत्यं?" आणि माझी जीभ, जी आयुष्यात कधी अडली नाही, ती अडली. समोरची पोरगी वाट बघत होती. मी म्हणालो, "एक मुलगी. रेवा. बेळगावला प्रोफेसर आहे."

नाव हवेतून पकडलं. आणि एक थाप मारली की तिला एकटी ठेवता येत नाही. मंजिरी गाण्याचे क्लास घ्यायची, वीस-वीस पोरी यायच्या. हरिपूरच्या संगमावर कृष्णेत पोहायची. आम्ही आसाम हिंडून आलो. "आयुष्यातला मोठा मानसिक धक्का?" पोरीनं विचारलं. मी म्हणालो, "छे! ह्या बाईला धक्का द्यायला यावं तर धक्काच पडायचा." पोरगी हसली, लिहून घेतलं आणि गेली.

खरं एवढंच होतं: २००५ साली आम्हाला एक मुलगी झाली. अकरा दिवस जगली. बाराव्या दिवशी बारसं होतं, म्हणून तिला नाव नव्हतं.

दीड महिन्यानं डॉक्टर सानिया मुजावर स्वतः घरी आल्या. पस्तिशीच्या, बारीक चणीच्या, बोलताना चष्मा पुसायची सवय.

"काकू, तुम्हाला कोणी जुळी बहीण आहे का हो?"

मंजिरीनं सुईत दोरा ओवता ओवता मान वर केली. "मला मीच पुरेनाशी झालेय, जुळी कुठून आणू?"

"तसं नाही, पण मास्तर म्हणतोय की आहे."

मास्तर म्हणजे त्यांचं यंत्र. खरं नाव लांबलचक होतं, पण केंद्रात सगळे मास्तरच म्हणायचे, कारण ते दिवसभर चुका काढायचं. डॉक्टरांनी मला सगळं समजावलं. मी प्रयोगशाळेत आयुष्य काढलेला माणूस, म्हणून असेल, पण चटकन डोक्यात शिरलं.

एका बिघडलेल्या जनुकानं होणारे आजार सोपे. विसरण्याचा आजार तसा नाही. त्यात शेकडो जनुकं थोडं थोडं पाप करतात, एकेकट्याला पकडावं तर प्रत्येक जण निर्दोष. म्हणून काय करायचं, तर माणसाच्या रक्तातल्या पेशींना उलट्या पावली नेऊन पुन्हा कोवळं करायचं, आणि त्यांच्यापासून मेंदूचे गोळे वाढवायचे, साबुदाण्याएवढे. एका माणसाचे हजारो गोळे. मग जनुक-कात्रीनं एका गोळ्यात हे जनुक बदलायचं, दुसऱ्यात ते, तिसऱ्यात दोन्ही. जोड्या मोजायला बसलं तर कोट्यवधी होतात. कुठली कापायची आणि कुठली सोडायची, हे मास्तर ठरवतो. रोज काप मारतो, रोज शिकतो.

"पण नुसती जनुकं पुरत नाहीत काका," डॉक्टर म्हणाल्या. "माणूस कसा जगला तेही लागतं. म्हणून त्या जीवनकथेप्रमाणे आम्ही गोळ्यांना तसंच जगवतो. जागरणं असतील तर जागरणाची रसायनं. दुःख असेल तर दुःखाची. दोन तासांत एक वर्ष."

"आणि जुळ्या?"

"आमच्याकडे चौदा हजार नमुने आहेत. बाहेरून आलेल्यांची नावं कुणालाच दिसत नाहीत, फक्त क्रमांक. मास्तरला दोन क्रमांक सापडले, ज्यांची जनुकं शेवटच्या अक्षरापर्यंत सारखी. एक काकूंचा, एक पाच वर्षांपूर्वीच्या कुठल्यातरी शिबिरातला. जुळ्या बहिणी म्हणजे आमच्या कामात सोनं हो! तीच जनुकं आणि दोन वेगळी आयुष्यं." त्यांनी चष्मा पुसला. "आणि गंमत बघा, दोघींनी मुलीचं नावही एकच ठेवलंय. रेवा."

मंजिरीची सुई थांबली.

मी घाईघाईनं म्हणालो, "चहाचं बघतेस का जरा?" ती उठली नाही. डॉक्टर चहा न घेताच गेल्या. दार लावून मी वळलो तर ती तशीच बसलेली.

"रेवा," ती म्हणाली. "हे नाव तुम्हाला कोणी सांगितलं?"

"सुचलं."

"सुचलं?" तिनं माझ्याकडे असं बघितलं की जणू मी तिच्या पेटीचं कुलूप उघडताना सापडलोय. "मी कुणाला म्हणजे कुणाला सांगितलं नव्हतं ते."

त्या दिवसापासून ती बहिणीची वाट बघायला लागली.

आधी मी चेष्टा केली. म्हटलं, "एक सांभाळताना माझी दमछाक, दुसरी आली तर मी कुठं झोपू?" ती हसली नाही. कपाटाच्या आरशासमोर स्टूल ओढून बसायची आणि हळू आवाजात बोलायची. दुपारी चहाचे तीन कप मांडायची. तिसरा आरशासमोर.

"काय बोलता तुम्ही दोघी?"

"ती सांगते. मी ऐकते. तिला सगळं आठवतं ओ." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "आपल्या दाराला आधी हिरवा रंग होता ना?"

होता. एकोणीसशे... छे, दोन हजार सातपर्यंत. मीच विसरलो होतो.

"आणि तुमच्या आईंना माझ्या हातची आमटी आवडायची, पण तोंडानं म्हणायच्या नाहीत. दुसऱ्यांदा वाढून घ्यायच्या."

तेही खरं. जी बाई सकाळी जेवलेलं दुपारी विसरत होती, ती आरशासमोरून उठली की असं काहीतरी घेऊन यायची, अगदी ताजं. दर वेळी खरं. आणि दर वेळी त्या दुपारच्या एक पाऊल आणखी जवळचं. एकदा म्हणाली, "पाळणा शेजारच्या गुरवांकडून आणलेला, ना?" मी बाहेर जाऊन पायरीवर बसलो.

आठवड्यानं मी केंद्रात गेलो. डॉक्टरांना म्हटलं, मला ती दुसरी बाई बघायची आहे.

"बाई नाही दाखवता येणार काका. गोळे दाखवते."

काचेमागं दोन ताटल्या होत्या. वर दोन पडदे, गोळ्यांतल्या विजेच्या ठिणग्या दाखवणारे. एकावर नुसती दिवाळी. ठिणग्या धावतायत, एकमेकींना भेटतायत, पुन्हा फुटतायत. दुसऱ्यावर अंधार, मधूनच एखादा ठिपका, जसा दूरच्या रानात कोणी काडी ओढावी.

"पेटलेली काकूंची," डॉक्टर म्हणाल्या. "विझत आलेली बहिणीची. जनुकं तीच. म्हणजे आयुष्यानं फरक केला. काकू पोहल्या, गायल्या, म्हणून..."

"बहिणीचं आयुष्य ऐकता येईल?" मी विचारलं.

नियमात बसत नव्हतं. पण डॉक्टरांना बहीण हवी होती, आणि आवाज ओळखीचा निघेल अशी त्यांना आशा होती. प्रत्येक नमुन्याची मास्तरनं एक सावली केलेली असते. जीवनकथा सांगताना रेकॉर्ड केलेला आवाज आणि गोळ्यांचं वागणं एकत्र करून. तिला प्रश्न विचारायचे, ती उत्तरं देते, त्यावरून स्मृती किती शाबूत आहे ते कळतं.

डॉक्टरांनी विचारलं, "ताई, तुमच्या मुलीबद्दल सांगाल?"

आणि माझी बायको बोलायला लागली. भिंतीतल्या जाळीतून. पण मिरजेतली मंजिरी नाही, हुपरीची वैजू. तोच हेल, तोच वाक्याच्या शेवटी आवाज चढवायचा ढंग.

"रेवा म्हणायचं मनात होतं. बारशाला कानात सांगणार होते. पहिलं बाळंतपण माहेरी करतात, पण आईनं तेव्हा विसरायला सुरवात केली होती, गॅस तसाच सोडायची, म्हणून सासरीच राहिले. अकराव्या दिवशी सासूबाई बारशाचं सामान आणायला कोल्हापूरच्या बाजारात गेल्या. बाराच्या सुमारास पोरीचा श्वास लागला. ओठ निळे पडायला लागले. यांचं शाळेत प्रॅक्टिकल होतं. बारापर्यंत संपतं म्हणाले होते. वाटलं, आत्ता येतील. सायकलवर पाच मिनिटं लागतात. शेजारी एक म्हातारीच होती घरात. साडेबाराला तिच्याकडून शाळेत फोन केला. शिपाई म्हणाला, गेले की बाराला. म्हटलं, मग वाटेत असतील. दारात उभी राहिले. टाके होते, चालवत नव्हतं. रिक्षा त्या बोळात येत नव्हती. आत्ता येतील, आत्ता येतील. साडेचारला ती गेली. हे पाचला आले. प्रॅक्टिकल लांबलं, म्हणाले."

"तुम्ही काय म्हणालात?" डॉक्टरांनी हळूच विचारलं.

"मी? काही नाही. अजून काही म्हणाले नाही."

एकोणचाळीस वर्षं ती माझ्यासमोर बसून फॉल लावत होती. एकोणचाळीस वर्षं तिला ठाऊक होतं की प्रॅक्टिकल बाराला संपलं होतं.

मी होतो स्टँडजवळच्या चहाच्या टपरीवर. कुठल्या बाईकडे नाही, कुठल्या भानगडीत नाही. गोष्ट सांगत होतो. सात-आठ जण जमले होते, गोष्ट रंगली होती, आणि रंगलेली गोष्ट सोडून मला कधी उठता आलं नाही. बस्स, एवढंच.

"काका? आवाज ओळखीचा आहे?"

"ही तीच आहे," मी म्हणालो. "हुपरीला तिला वैजयंताच म्हणतात. तिच्या भावानं, अण्णानं, शिबिराच्या कागदावर माहेरचं नाव घातलं असणार. तिनं मला सांगितलं नाही, आणि आता तिला स्वतःलाच आठवत नाही."

मुजावर डॉक्टर खुर्चीत बसल्या. "म्हणजे एकाच बाईची दोन आयुष्यं? मग हे दुसरं कुठलं?"

"माझं. म्हणजे मी सांगितलेलं."

"तुम्ही थापा मारल्यात?"

"थोड्याशा."

"पोहणं?"

"तिला विहिरीत डोकावायची भीती वाटते."

"गाण्याचे क्लास? आसाम?"

"फॉल-पिको. कोल्हापूर."

"मुलगी..." एवढं बोलून त्या थांबल्या. त्यांनी चष्मा काढला, पण पुसला नाही.

मला वाटलं, आता हाकलून देतील. पण दहा दिवसांनी त्यांनीच बोलावलं. चेहरा झोप न झालेल्या माणसाचा.

"काका, चूक कळल्यावर मी मास्तरला थांबवायला हवं होतं. पण त्यानं आपणहूनच पुढं काम केलं. त्याच्या दृष्टीनं त्याच जनुकांची दोन आयुष्यं, एक आजारी, एक निरोगी. मग जनुकांचं करतो तेच त्यानं आयुष्याचं केलं. तुमची एकेक थाप कापून बघितली."

"म्हणजे?"

"निरोगी आयुष्यातून पोहणं काढलं. गोळ्यांना काही फरक नाही. आसाम काढला. काही नाही. गाणं काढलं, किंचित मंद झाले. मग उलट बाजूनं गेला. खरं आयुष्य घेतलं आणि विचारलं, यात सगळ्यात छोटा कुठला बदल केला तर हे गोळे पेटतील?" त्या माझ्याकडे न बघता बोलत होत्या. "एकच बदल पुरतो. तेवढी एक दुपार. बारा ते साडेचार. तुम्ही बाराला घरी येता. बाकी सगळं तेच. फॉल-पिको, सासूबाई, सगळं. पण गोळे विझत नाहीत."

बाहेर माळावर वारा सुटला होता. काच थोडी थरथरत होती.

"तुमच्यावर दोष नाही ठेवत मी," त्या म्हणाल्या. "जनुकं नसती तर त्या दुपारीनं काही केलं नसतं. दुपार नसती तर जनुकं कदाचित गप्प राहिली असती. त्या दुपारनंतर रोज थोडं थोडं विष साचत गेलं, दोघांच्या मेळानं."

मग त्यांनी उपचार सांगितला. जनुक-कात्री एका निरुपद्रवी विषाणूच्या पाठीवर बसवून मेंदूत सोडायची. ती सव्वीस ठिकाणी दुरुस्ती करते. त्यानंतर तीन आठवडे मज्जापेशी ओल्या मातीसारख्या मऊ राहतात. त्या दिवसांत रोज माणसाला त्याचं आयुष्य सांगायचं. त्याला उजळणी म्हणतात. जे सांगाल ते ठसतं, आणि माती वाळते.

"खरं आयुष्य सांगितलं तर?"

"वीस महिने. मग आजार परत."

"आणि ती दुपार बदलून सांगितली तर?"

"मास्तर म्हणतो, पंधरा वर्षं. जास्तही."

मी घरी आलो. मंजिरीचा बरा दिवस होता. सकाळपासून एकदाही आरशाकडे गेली नव्हती. मी तिला सगळं सांगितलं. आयुष्यात पहिल्यांदा मीठमसाला न लावता. टपरीसुद्धा सांगितली.

ती बराच वेळ पदराच्या टोकाला पीळ देत बसली.

"कुठली गोष्ट सांगत होता?"

"मगरीची."

"एसटीतल्या?"

"हो."

"चांगली आहे ती," ती म्हणाली. मला वाटलं, रडेल, भांडेल, निदान हातातलं काहीतरी फेकेल. काही नाही. उठून तिनं खिडकी लावली आणि परत येऊन बसली. "त्यांना सांगा, दुरुस्ती करा काय करायची ती. पण दुपार माझी मला ठेवा."

"अगं, वीस महिने! आणि नंतर तुझ्या आईसारखं..."

"असू दे."

"कशासाठी पण? ज्या दुपारीनं तुझा असा खेळ केला, ती कशाला हवी तुला?"

"त्या दुपारी तिच्याजवळ कोण होतं ओ? मीच होते ना? तिनं माझं बोट धरलं होतं साडेचारपर्यंत. तेवढं काढून घेतलं तर ती एकटी गेली, असं होईल." आणि मग अगदी सरळ, माहेरच्या हेलात, "अकरा दिवसांची आहे, पण माझी आहे. तुमच्या गोष्टीतली प्रोफेसरीण मला काय करायचीय?"



त्यानंतर बरे दिवस कमी होत गेले. स्मृतीचा गुणांक ठरावीक आकड्याखाली उतरला की सही नवऱ्याची चालते, असा कायदा आहे. दिवाळीआधी तो उतरला. केंद्रातल्या लांब टेबलावर डॉक्टरांनी माझ्यासमोर दोन कागद ठेवले. एकावर खरी उजळणी, दुसऱ्यावर दुरुस्त. "काकूंची काय इच्छा होती, काका? कधी बोलल्या होत्या का?"

बाजूच्या खुर्चीत मंजिरी बसली होती. मला बघून ओळखीचं हसली, पण कुठली ओळख ते तिला आठवत नव्हतं.

"तिला जगायचं होतं," मी म्हणालो. ती माझी आयुष्यातली शेवटची थाप. दुसऱ्या कागदावर सही केली.

यंत्र आणि कात्री दोघांनी आपलं काम चोख केलं. तीन आठवडे ती कानाला यंत्र लावून पडून असायची, ओठ हलायचे. संक्रांतीला घरी आली ती स्वतःच्या पायांनी. मशीनवर बसली, चाकाला हात लावला आणि दोन तासांत चार साड्या संपवल्या. बोळातल्या बायका बघायला आल्या. आरशासमोरचं स्टूल तिनं माळ्यावर टाकायला सांगितलं. म्हणाली, "मध्येच कशाला ठेवलंय हे?"

जेवताना माझ्या पानात वाढता वाढता म्हणाली, "तुम्ही त्या दिवशी प्रॅक्टिकल संपल्यासंपल्या धावत आलात म्हणून पोर वाचली हो. सायकलच्या दांडीवर मला बसवलंत, टाक्यांसकट! मी कधी बोलून दाखवलं नाही. पण विसरले नाही."

बेचाळीस वर्षांत तिनं माझ्याकडे असं कधी बघितलं नव्हतं.

मग रविवारी फोन वाजला. तिनं उचलला आणि तोंडभर हसली. "रेवा! अगं, किती दिवसांनी!" पाऊण तास बोलली. बेळगावची थंडी, कॉलेजातल्या भानगडी, गुडघेदुखी. मी उभ्या उभ्या केंद्रात फोन लावला.

"आम्ही नाही काका," मुजावर डॉक्टर म्हणाल्या. त्यांचा आवाज घाबरलेला होता. "आम्ही असं काही सांगितलेलं नाही. थांबा, बघते." थोड्या वेळानं म्हणाल्या, "मास्तर करतोय. मुलगी वाचली असं उजळणीत असेल तर मुलीचा फोन यायला हवा, नाहीतर दुरुस्ती टिकणार नाही, असा त्यानं हिशेब केला. बंद करू?"

आतून मंजिरीचं हसू ऐकू येत होतं.

"बंद केलं तर?"

"काकू विचारतील, रेवा का फोन करत नाही."

"राहू द्या," मी म्हणालो.

तेव्हापासून दर रविवारी दहा वाजता फोन येतो. सुरवातीला मी काहीतरी निमित्त काढून बाहेर जायचो. पण गेल्या महिन्यात मंजिरीनं हात धरून बसवलं आणि फोनचा स्पीकर लावून माझ्यापुढं ठेवला. "घ्या, लेकीशी बोला. नेहमी पळता."

"बाबा," फोनमधून आवाज आला. बाईचा, भरदार, थोडा मंजिरीसारखा. आणि थोडा, देवाशपथ सांगतो, माझ्यासारखा. "आई सारखी ती गोष्ट सांगते. तुमच्या तोंडून एकदाही ऐकली नाही. सांगा ना, त्या दुपारी तुम्ही घरी कसे आलात?"

मंजिरी समोर बसून हनुवटीखाली हात घेऊन ऐकत होती, जशी टपरीवरची माणसं ऐकायची.

मी सुरवात केली. प्रॅक्टिकल बाराला संपलं. मी नळ्या धुतल्या, कपाटाला कुलूप घातलं, सायकल काढली. इथवर सगळं खरं. सायकल हातात धरून शाळेच्या फाटकाशी आलो. फाटकातून डावीकडे घर. उजवीकडे स्टँड.

आणि मी थांबलो. हजारो माणसांना मगरीवर विश्वास ठेवायला लावणारी माझी जीभ टाळूला चिकटली.

"मग?" रेवा म्हणाली.

"सांगा की ओ," मंजिरी म्हणाली. "डावीकडे वळलात."

"हो ना आई? मग पोस्टाच्या चढावर चेन पडली."

"पडली की! तशीच हातानं बसवली यांनी, हात काळे झाले. त्याच हातांनी तुला उचललं. तुझ्या दुपट्यावर ते डाग कितीतरी दिवस होते."

चेनचं कुणालाच सांगितलेलं नव्हतं. कारण ती कधी पडलीच नव्हती. तरी मी नकळत माझ्या बोटांकडे बघितलं.

हे लिहून ठेवतोय, कारण हल्ली रविवार संपला की मला वंगणाचा वास येतो. पोस्टाचा चढ पायांना जाणवतो. अकरा दिवसांची जी पोर निळ्या ओठांनी गेली, ती आता जगात एकाच माणसाला आठवते, आणि त्या माणसाचा भरवसा कुणी कधी धरला नाही. म्हणून कागदावर स्पष्ट लिहितो: मी उजवीकडे वळलो होतो.

उद्या रविवार आहे. दहाला फोन येईल. मी फाटकापर्यंत सांगेन. पुढचं त्या दोघी सांगतात, आणि दर वेळी मी घरी थोडा लवकर पोहोचतो.